तीन फायली, एक कागद: थायरॉइडच्या नोंदींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही माझ्या थोरल्या बहिणीची हकीकत. तिला विचारून लिहिते आहे. तिचं नाव, डॉक्टरांची नावं, दवाखाने, लॅब यांतलं काहीच इथे दिलेलं नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही.

ताई ४७ वर्षांची आहे. ८ वर्षांपूर्वी तिचं वजन वाढायला लागलं, आवाज घोगरा झाला, सतत थंडी वाजायची. तपासणीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं, जास्त झालं की उतरतं) १८.४ आला, फ्री टी४ (थायरॉइड स्वतः बनवते ते संप्रेरक) कमी होता आणि अँटी-टीपीओ प्रतिपिंडं बरीच वाढलेली होती. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटली होती. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोतो म्हणतात. ताईला थायरॉक्सिनची, म्हणजे त्याच टी४ संप्रेरकाची, गोळी सुरू झाली, आधी ५० मायक्रोग्रॅम, मग ७५. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ तिचा टीएसएच १.८ ते ३.१ च्या मधे राहिला. सकाळी उठायचं, पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि विसरून जायचं. इतकं ते सरळ चाललं होतं.

ही पाच वर्षं मी मुद्दाम आधी सांगितली. पुढे सगळ्या गोंधळात याच काळाचा आधार मिळाला, आणि तो मिळाला एका जुन्या फाइलच्या तळाशी.

अडचण

पाळी जवळ जवळ येऊ लागली आणि अंगावरून खूप जाऊ लागलं. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ७, दोन्ही कमी. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आयर्नची गोळी दिली, जोडीला कॅल्शियम. ताईने काय केलं, तर सगळ्या गोळ्या एकाच डबीत भरल्या आणि सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घ्यायला सुरुवात केली. एकदम घेतल्या की विसरायला होत नाही, हा तिचा हिशेब. आयर्न आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरूच देत नाहीत, म्हणून मधे किमान ४ तासांचं अंतर लागतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, पण चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी टीएसएच ७.९. फिजिशियननी डोस ७५ वरून १०० केला. आयर्न सुरू आहे हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण ती चिठ्ठी दुसऱ्या फाइलमध्ये होती. त्यानंतर तीनच आठवड्यांनी नोकरीच्या ठिकाणची वार्षिक तपासणी झाली, त्यात टीएसएच ६.२ आला. तिथल्या डॉक्टरांनी डोस १२५ केला. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे नवा डोस अंगात स्थिरावून टीएसएचने त्याच्याशी जुळवून घ्यायला ६ ते ८ आठवडे जावे लागतात. तिसऱ्या आठवड्यातला आकडा म्हणजे अर्ध्या वाटेवरचा आकडा. पण डोस तीन आठवड्यांपूर्वीच वाढवलाय हे त्या कागदावर कुठे होतं?

मग हिमोग्लोबिन ११.८ झालं. बरं वाटतंय म्हणून ताईने आयर्न आणि कॅल्शियम आपल्याच मनाने बंद केलं. केस गळत होते, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू केलं, रोज १० मिलिग्रॅम. महिनाभरात छातीत धडधड, रात्री डोळा लागेना, हात थरथरायला लागले. वेगळ्या लॅबमध्ये तपासणी केली. टीएसएच ०.०५. फ्री टी४ २७.४.

हा दुसरा आकडा पाहून ताई पांढरीफटक पडली. आधीच्या रिपोर्टांत फ्री टी४ कायम १.२, १.३ असा असायचा. "अगं, वीस पटीने वाढलंय!" म्हणून तिने मला रात्री साडेदहाला फोन केला. वीस पटीने काही वाढलं नव्हतं. जुनी लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडा द्यायची, नवी पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्याला १२.८७ ने गुणलं की दुसरं मिळतं, म्हणजे जुना १.३ हा नव्या मापात १६.७ च्या आसपास. नव्या लॅबची वरची मर्यादा २२ होती. वाढलं होतं खरं, पण जितकं घाबरायला झालं तितकं नाही.

धडधडीचं मात्र थांबून चालण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फिजिशियनकडे गेलो. नाडी १०४, ईसीजीत ठोके जलद पण नियमित. आणि ०.०५ हा एकच आकडा समोर ठेवला तर डोस थेट ५० वर आणावा लागेल, असं त्यांचं मत पडलं. पण चार दिवसांनी एंडोक्रायनॉलॉजिस्टची, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञांची, वेळ मिळालेली आहे म्हटल्यावर तो निर्णय त्यांनी तिकडे सोपवला. छातीत दुखलं, दम लागला, ठोके चुकल्यासारखे वाटले तर लगेच यायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आमच्या हातात चार दिवस होते आणि तीन फायली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता तिन्ही फायली उचलून न्यायच्या. ताईचं तेच म्हणणं होतं: "सगळं त्यात आहे, डॉक्टर बघतील." मी त्या फायली चाळून पाहिल्या. थायरॉइडचे रिपोर्ट पहिलीत, पाळीचे आणि आयर्नचे दुसरीत, वार्षिक तपासणीचे तिसरीत. तिन्ही आपापल्या जागी व्यवस्थित होत्या, तारखेवार लावलेल्या. त्यामुळेच कुणाला काही दिसत नव्हतं. डोस कधी बदलला हे एका फाइलमध्ये आणि तेव्हा आयर्न चालू होतं हे दुसऱ्या.

दुसरा पर्याय मोबाइलवरचं ॲप. ते ताईने पूर्वी वापरून पाहिलं होतं, तीन आठवडे. रोज "थकवा: ७", "थकवा: ८" असं भरत राहिली आणि मग कंटाळून सोडलं. ज्याला रोज भरायला आवडतं त्याच्यासाठी ॲप चांगलंच आहे. पण ॲपमध्ये मागचे महिने भरणं फार किचकट, आणि डॉक्टरांसमोर फोन पुढे सरकवून "हे बघा, खाली जा, अजून खाली" म्हणण्यात वेळ जातो.

तिसरा पर्याय संगणकावर सगळ्या आकड्यांचा तक्ता. माझा कल तिकडे होता, मी अर्धा बनवलाही. सोळा रिपोर्टांतले सगळे आकडे ओळीने आले, दिसायला छान. पण त्यात नुसते आकडे होते; त्या दिवसांत ताई काय घेत होती, कशी होती, ते कुठेच नव्हतं. म्हणजे फाइलचाच दोष, फक्त सुबक अक्षरात.

शेवटी एक कागद करायचा ठरला, एकच, दोन्ही बाजूंनी. फायली मागे पुरावा म्हणून असणारच होत्या.

काय केलं

आधी घरातली सगळी औषधं जेवणाच्या टेबलावर मांडली. सगळी म्हणजे सगळी: डबीतली, पर्समधली, उशाशी ठेवलेली. ताईने आधी तोंडी यादी सांगितली होती, त्यात बायोटिन नव्हतं. बाटली बाथरूमच्या कपाटात होती, केसांच्या तेलाशेजारी. मी विचारलं तर म्हणाली, "ते काय औषध आहे? ते केसांचं आहे." तिचं खोटं नव्हतं. चिठ्ठीवाचून मिळतं ते तिच्या लेखी औषध नव्हतंच. पण बऱ्याच लॅबच्या थायरॉइड चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरून रक्तातलं संप्रेरक पकडलं जातं. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असलं की मोजमाप फसतं: टीएसएच खोटा खाली दिसतो आणि फ्री टी४ खोटा वर. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. केसांच्या गोळ्यांत ते किती मोठ्या मात्रेत असतं ते लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि ताईच्या गोळीत १० मिलिग्रॅम. तीनशे पटींहून जास्त.

मग थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. ताईची एक सवय इथे फार उपयोगी पडली. नवी बाटली उघडली की ती झाकणावर पेनने तारीख घालते. १०० गोळ्यांची बाटली, उघडून ६४ दिवस झालेले. आत ३६ उरायला हव्या होत्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मोजल्या. ४३ निघाल्या.

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "रात्र रात्र झोप नसते. सकाळी उशिरा उठते, पोरांच्या गडबडीत खाऊन होतं, मग रिकाम्या पोटी घ्यायची ती राहूनच जाते." आणि लगेच, "हे कागदावर नको लिहू. डॉक्टर रागावतील."

हा या सगळ्यातला मला सर्वांत अवघड वाटलेला क्षण. तिला वाटणारी लाज मला समजत होती. पण चुकलेल्या गोळ्या लपवल्या तर डॉक्टर १२५ चा अर्थ १२५ असाच लावणार, आणि प्रत्यक्षात पोटात जात होतं त्याहून कमी. मी तिला एवढंच म्हटलं की हा हिशेब तुझ्याविरुद्धचा नाही, औषधाचा आहे. ती तासभर काही बोलली नाही. मग स्वतःच्याच हाताने तिने कागदावर लिहिलं: "६४ दिवसांत ७ गोळ्या चुकल्या."

कागदाची रचना अशी झाली. वर चार ओळी: आजार कधी कळला, तेव्हाचे आकडे, त्यानंतरची ७५ वरची शांत वर्षं, आणि ॲलर्जी. किती मागे जायचं यावर आमचा बराच खल झाला. ताईला ८ वर्षांचं सगळं हवं होतं. मी म्हटलं, जिथे काही बदललं नाही तिथे एक ओळ पुरे, आणि जिथे बदललं ते ८ महिने सविस्तर.

मधला भाग आडवा पट्टा. प्रत्येक ओळीला तारीख. डाव्या बाजूला जे बदललं ते: डोस, सुरू केलेली गोळी, बंद केलेली गोळी, लॅब. उजव्या बाजूला जे मोजलं ते: टीएसएच, फ्री टी४ मापासकट आणि त्या लॅबच्या मर्यादेसकट, हिमोग्लोबिन, फेरिटिन. आणि एक बारीक रकाना, मला त्याचं महत्त्व फार वाटतं: रक्त किती वाजता दिलं आणि त्या दिवशीची गोळी आधी घेतली होती की नंतर. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी४ तात्पुरता वर चढतो. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. सकाळी सातचा आकडा दुपारी तीनच्या आकड्याशी ताडून बघणं धोक्याचं.

मागच्या बाजूला पाळी आणि त्रास. इथे "थकवा" हा शब्दच आम्ही काढून टाकला. त्याऐवजी ताईला सांगता येईल असं विचारलं: जिना चढताना मधे थांबावं लागतं का, रात्री किती वेळा जाग येते, अंगावरून जास्त जातं त्या दिवशी पॅड किती तासांनी बदलावं लागतं, गाठी पडतात का. उत्तरं लगेच आली. जास्तीच्या दोन दिवसांत दर दीड तासाने पॅड. दोन पाळ्यांमधलं अंतर २४, १९, ४१, २२ दिवस.

रात्री उशिरा तो कागद पूर्ण झाला आणि आम्हा दोघींना एकदम एक गोष्ट दिसली. थायरॉइड कमी पडलं की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. रक्त गेलं की लोह कमी होतं. लोहासाठी आयर्नची गोळी. ती थायरॉक्सिनबरोबर घेतली की थायरॉइड आणखी कमी पडतं. हे चक्र आठ महिने फिरत होतं, आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर त्याचा एकेक तुकडा येत होता. त्यांनी आपापला तुकडा नीटच पाहिला होता, हेही मला इथे मनापासून म्हणायचं आहे.

तपासणीच्या खोलीत

एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी कागद हातात घेतला आणि दीड-दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मग पेनने दोन ओळींखाली रेघ मारली: "आयर्न बंद" आणि "बायोटिन सुरू".

त्यांनी समजावलं ते असं. आयर्न थांबल्यावर अडलेलं थायरॉक्सिन पूर्ण आत जाऊ लागलं, तेही १२५, म्हणजे डोस खरोखरच जास्त होतोय. त्यावर बायोटिनमुळे आकडा आणखी बिघडलेला दिसतोय. दोन्ही खरं असू शकतं. कशाचा वाटा किती, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. ०.०५ वर विसंबून ५० वर गेलो तर दोन महिन्यांनी पुन्हा उलट्या दिशेने हाच खेळ. त्यांनी ताईला सांगितलं: "आजपासून बायोटिन बंद. तीन दिवस बाकी काहीच बदलू नका, गोळीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी सकाळी, गोळी घ्यायच्या आधी, त्याच लॅबमध्ये रक्त द्या." धडधड असताना तीन दिवस १२५ चालू ठेवायचं का, हे मी विचारलं. त्यांनी नाडी पुन्हा पाहिली, ईसीजी पाहिला आणि म्हणाल्या, थायरॉक्सिन इतकं सावकाश ओसरतं की तीन दिवसांत गोळी कमी करून धडधडीत फारसा फरक पडणार नाही, पण एकदम दोन गोष्टी बदलल्या तर पुढच्या आकड्याचा अर्थ मात्र हातचा जाईल.

चुकलेल्या ७ गोळ्यांवर त्या रागावल्या नाहीत. "हे लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणजे रोज घेतली असती तर टीएसएच याहूनही खाली असता," एवढंच म्हणाल्या. ताईने माझ्याकडे पाहिलं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशीचा टीएसएच ०.२८, फ्री टी४ १९.८, म्हणजे त्या लॅबच्या मर्यादेच्या आत. डोस जास्त होता हे खरं, पण आधीच्या रिपोर्टाने दाखवला होता तितका नाही.

डोस किती करायचा याचं उत्तर कागदाच्या वरच्या चार ओळींत होतं. वजन तेच, आजार तोच, आणि ७५ वर पाच वर्षं सुरळीत गेलेली. डॉक्टरांनी ७५ केला. फेरिटिन अजून ११ होतं, म्हणून आयर्न पुन्हा सुरू झालं, पण रात्री. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, कारण ती दोघंही एकमेकांच्या आड येतात. ७ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, सकाळी, गोळीच्या आधी: टीएसएच २.६.

मागची बाजू स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. पॅडचा हिशेब वाचून त्यांनी लगेच सोनोग्राफी सांगितली आणि रक्तस्राव आटोक्यात आणायचे उपचार सुरू केले. धडधड दोन-अडीच आठवड्यांत थांबली. केस गळणं थांबायला चार महिने लागले.

हा डोस, ही वेळ, हे ताईपुरतं आहे आणि डॉक्टरांनी तिला तपासून ठरवलेलं आहे. दुसऱ्या कुणी तेच आकडे आपल्याला लावू नयेत.

आज करायचं तर वेगळं काय

माझ्याकडून एक चूक झाली आणि ती मला अजून बोचते. पहिल्या मसुद्यात मी मधेच लिहिलं होतं, "टीएसएच वाढला, कारण आयर्न." निघायच्या आधी ते खोडलं, पण खोडलेलं दिसत होतं. कारण शोधणं डॉक्टरांचं काम आहे. कागदावर एकदा कारण लिहिलं की वाचणाराही तिथेच अडकतो. तारखा आणि घडलं ते, एवढंच लिहायला हवं होतं.

दुसरी याहून मोठी. खोलीत गेल्यावर प्रश्न ताईला विचारले जात होते आणि उत्तरं मी देत होते. कागद मी बनवला, त्यामुळे मला सगळं पाठ होतं. दहा मिनिटांनी डॉक्टर माझ्याकडे वळून बोलू लागल्या आणि ताई खिडकीबाहेर बघत बसली. पुढच्या वेळी आम्ही आधीच ठरवलं: तीन प्रश्न तिने स्वतः लिहायचे, स्वतः विचारायचे, आणि मी फक्त उत्तरं टिपायची. त्या तिसऱ्या प्रश्नातच तिने रात्री अंगातून येणाऱ्या वाफांबद्दल विचारलं. ते मला माहीतच नव्हतं, आणि पहिल्या कागदावर नव्हतंही.

वार्षिक तपासणीत थायरॉइडचा आकडा आला तेव्हा "तीन आठवड्यांपूर्वी डोस बदललाय" हे एक वाक्य कुणी बोललं असतं तर १२५ पर्यंत गोष्ट गेली नसती, असं मला वाटतं. आता ते वाक्य ताईच्या पाकिटात एका छोट्या चिठ्ठीवर असतं: सध्याचा डोस, कोणत्या तारखेपासून, आणि पुढची तपासणी कधीच्या आधी नको.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ईसीजीची पट्टी उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असते, ती काही महिन्यांत पुसट होते. आमची झालीच. फोटो त्याच दिवशी काढायला हवा होता.

ताईची झोप अजून सुधारलेली नाही. टीएसएच जागेवर आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या मते आता हे थायरॉइडचं नाही, पाळी जायच्या वयाचं असावं. पुढच्या महिन्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ आहे. नवा कागद ताईने स्वतःच आखलाय, आणि त्यात रात्री जाग आल्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली आहे: १.४०, ३.१५, ४.५०.